मंगळवार-शुक्रवारचं पाणी

मंगळवार, ४ फेब्रुवारी

वहिनी,

मागच्या सभेत आपण दोघी ज्या थराला गेलो, त्यानंतर प्रकल्पाच्या साहेबांनी फर्मान काढलं आहे. यापुढे आपण फोनवर बोलायचं नाही, जे काय असेल ते लेखी. म्हणून हे पत्र रिकाम्या बाटल्यांच्या पेटीत घालून पाठवते आहे. ड्रायव्हरकाका दर मंगळवारी आणि शुक्रवारी तुमच्या तळ्यावर पाणी भरायला येतातच. उत्तर द्यायचं असेल तर भरलेल्या बाटल्यांबरोबर दे. बर्फाला लागू देऊ नको, शाई फुटते.

आधी कामाचं. अहवाल २८ तारखेला नगरपालिकेला द्यायचा आहे. माझा भाग तयार आहे. दोन वर्षांत घाटाजवळच्या पाण्याचे एकशे नव्वद नमुने तपासले. फॉस्फेट सरासरीने मर्यादेच्या तिप्पट. फॉस्फेट वाढलं की शेवाळ माजतं, शेवाळ माजलं की मासे मरतात, आणि मग तळं मरतं. हे मी तुला आधीही समजावलं आहे आणि तेव्हाही तू छताकडे बघत होतीस. निष्कर्ष सरळ आहे. घाटावर कपडे धुणं बंद करावं लागेल.

तुझा भाग साहेबांनी मला ‘एकत्र करायला’ दिला आहे. दोनशे बारा पानं! कोणत्या बाईचा दगड कोणता, कोणत्या सुनेने सासूला काय सुनावलं, कोण कुणाशी बोलत नाही. साहेबांना वाटलं, रसायनशास्त्र आणि समाजशास्त्र एका दावणीला बांधलं की शाश्वत विकास आपोआप चालायला लागेल. दोन वर्षं मी ओढते आहे आणि तू बाजूला उभी राहून गप्पा लिहून घेते आहेस. चार पानांत बसव. नाही बसवलंस तर मी बसवीन.

शेवटचं. सभेत सगळ्यांसमोर तू म्हणालीस, ‘जिला स्वतःच्या आईचा आजार दिसला नाही, तिला तळ्याचा काय दिसणार.’ आईला जाऊन पाच महिने झालेत. मी हे वाक्य विसरणार नाही.

तुझी नणंद, नाइलाजाने


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

वन्सं,

हा शब्द तुम्हाला आवडत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणूनच वापरते.

वाक्य मागे घेणार नाही. तुमचा दादा म्हणाला, ‘जाऊ दे, माफी मागून टाक.’ त्याला म्हटलं, तूच माग, तुला सवय आहे. तो चहाचा कप घेऊन गच्चीवर गेला.

आता तुमच्या ‘सरळ निष्कर्षा’बद्दल. घाटावर छत्तीस घरांच्या बायका काम करतात. दवाखान्याच्या चादरी, हॉटेलांचे पडदे, शाळेचे गणवेश, सगळं त्या धुतात. नगरपालिका त्यांना गावाबाहेरच्या यंत्राच्या धुलाईकेंद्रात पाठवायला निघाली आहे. मी तिथल्या मॅनेजरला भेटून आले. त्याला पाच बायका हव्यात, त्याही तिशीच्या आतल्या. उरलेल्यांनी काय करायचं, हे तुमच्या एकशे नव्वद बाटल्यांपैकी कोणत्या बाटलीत लिहिलं आहे?

आणि तळ्याचं म्हणाल तर ऐका. रोज कामाला सुरुवात करण्याआधी प्रत्येक बाई आपल्या दगडासमोरची जलपर्णी उपटून काठावर टाकते. कुणी सांगितलेलं नाही, पाणी मोकळं असलं तर कपडा नीट खळबळता येतो म्हणून. सगळ्यात थोरली मावशी आहे, सत्तरीची. ती तर कमरेएवढ्या पाण्यात जाते. पलीकडच्या काठावर घाट नाही, तिथे जलपर्णीवर कुत्रं चालत जाईल अशी अवस्था आहे. बायका उठवा, म्हणजे वर्षभरात पूर्ण तळं तसं होईल. हे पान ६१ ते ७८ वर आहे. तुम्ही वाचलेलं नाही, कारण त्यात आकडे नाहीत.

तुमच्या बाटलीत बाई दिसत नाही, हाच तुमच्या शास्त्राचा दोष आहे. चार पानांत बसवणार नाही. एक ओळसुद्धा कापू देणार नाही.

तुमची भावजय


मंगळवार, ११ फेब्रुवारी

वहिनी,

बाटलीत बाई नसते. फॉस्फेट असतं. म्हणून ती बाटली.

ओळ कापू देणार नाहीस? ठीक. आता मी तुझी दोनशे बारा पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणार आहे, लाल पेन घेऊन. प्रेमाने नव्हे. त्यातली एकेक चूक काढून साहेबांच्या टेबलावर ठेवायला. आत्तापर्यंत चाळीस पानं झाली. पान ९ वर घाटाला पस्तीस घरं आहेत, पान २२ वर छत्तीस. पान ३१ वर तळ्याची खोली तू ‘मावशीच्या छातीपर्यंत’ अशी दिली आहेस. मावशीची उंची दिलेली नाही.

आणि तू आईचा विषय काढलाच आहेस तर लिहिते, नंतर लिहिणार नाही. मी गाडीबरोबर दर मंगळवारी आणि शुक्रवारी घरी येत होते. काका पाणी भरायचे तेवढे दोन तास मी आईजवळ बसायचे. एकदाही ती मला झोपलेली दिसली नाही. उशीला टेकून बसलेली, केस विंचरलेले, कपडे इस्त्रीचे. ‘बरी आहे ग,’ म्हणायची. तू चहा आणून द्यायचीस आणि मान डोलवायचीस. आणि मग एका गुरुवारी दादाचा फोन, की गेली. काय समजायचं मी? डॉक्टर म्हणाले, सहा महिने तिला उठवत नव्हतं. तुम्ही दोघांनी मला फसवलंत. दादा भोळा आहे. तू नाहीस.


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

वन्सं,

पत्र मिळालं. उत्तर नाही.

बर्फ कमी पाठवता. बाटल्या कोमट होतात.


सोमवार, १७ फेब्रुवारी (उद्याच्या गाडीने)

वहिनी,

पान १४३. तुझंच वाक्य तुला लिहून पाठवते, कारण लिहिताना तू ते वाचलेलं दिसत नाही:

‘घाटाबद्दल या बायकांना किती अभिमान आहे ते मंगळवारी आणि शुक्रवारी दिसतं. संशोधनाची गाडी यायच्या तासभर आधी सगळ्या मिळून दगड पावडरने घासून लख्ख करतात. पाहुण्यांसमोर घाट घाणेरडा दिसू नये, ही त्यांची धडपड हृद्य आहे.’

हृद्य!

कोणती पावडर? कुठून आली? किती टाकतात? फरशी घासायच्या भरड पावडरीत फॉस्फेटच असतं, वहिनी. माझ्या प्रयोगशाळेतला शिपाईसुद्धा हे सांगेल. दोन वर्षं मी घाटाचं पाणी तपासत होते असं समजत होते. मी तपासत होते ते माझ्याच स्वागताचं पाणी. एकशे नव्वद नमुने, आणि एकही बुधवारचा नाही.

तू रोज तिथे बसायचीस. डोळ्यांसमोर पावडर पडत होती. दोन वर्षांत तुला एकदाही वाटलं नाही, की हिला सांगावं?

अहवालाला अकरा दिवस आहेत. या पेटीत पंचवीस जादा बाटल्या आहेत. बुधवारपासून रोज पाणी भर, पावडर न टाकता. गाडीच्या दिवशीसुद्धा घासू देऊ नको. बाटली आधी त्याच पाण्याने तीनदा विसळायची. कोपरभर खोल बुडवायची, वरवरचं पाणी नको. आत बुडबुडा राहता कामा नये. झाकण लावून लगेच बर्फात. तारीख, वेळ, कोणत्या दगडाजवळ ते लिही. ‘सकाळी सकाळी’ ही वेळ नव्हे. मावशीची छाती हे मापही नव्हे.

चूक करू नको. मला दुसरी संधी नाही आणि तुझ्या छत्तीस घरांनाही नाही.


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

वन्सं,

पेटीत बुधवार, गुरुवार आणि आजच्या बाटल्या आहेत. दिवसाला पाच. गुरुवारी पाचवी बाटली भरताना शेवाळावरून पाय घसरला आणि मी तुमच्या शास्त्रासकट पाण्यात गेले. बायका हसल्या. बाटली मी सोडली नाही, हे नोंदवून ठेवा.

तुम्ही विचारलंत पावडर कुठून आली. माझ्याकडून. कॉलेजच्या स्टोअरमधून, प्रयोगशाळेच्या फरशा घासतात ती. दर महिन्याला दोन डबे मीच नेऊन देत होते.

का, तेही ऐका. तुम्ही पहिल्यांदा घाटावर आलात तो मंगळवार तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही गाडीतून उतरलात, नाकाला रुमाल लावलात आणि काकांना म्हणालात, ‘शी, दगडांवर केवढा चिकटा आहे.’ तुम्ही तर गेलात. मावशीने तो शब्द आठवडाभर मनातून काढला नाही. मला विचारत होती, ‘तुमच्या नणंदेला आम्ही घाण वाटलो का हो?’ मला तुमची इतकी चीड आली. मीच म्हणाले, पुढच्या वेळी घाट असा चमकवा की त्यांना रुमाल काढायला कारण मिळू नये. पावडर मी आणते.

सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. मी लिहून घेतलं, हृद्य म्हणून. तुम्ही मला रसायन शिकवलं नाहीत, फक्त मला ते येत नाही याची आठवण करून दिलीत. आणि दोन वर्षांत तुम्हाला तरी रविवार सुचला का? गाडी ज्या दिवशी जाते त्याच दिवशी तळं असतं, हे कोणत्या पुस्तकात लिहिलं आहे?

मावशीला खरं सांगितलं. तिने डबा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, ‘म्हणजे आम्ही स्वच्छ केलं म्हणून आम्हाला काढणार?’ तेव्हापासून घाटावर माझ्याशी कुणी बोलत नाही. पाणी भरायला जाते तेव्हा सगळ्या पाठ करून उभ्या राहतात. दोन वर्षं ज्या बायकांनी मला घरातलं सगळं सांगितलं, त्यांनी. आज गाडीसाठी मात्र कुणीही दगड घासले नाहीत.


मंगळवार, २५ फेब्रुवारी

वहिनी,

निकाल आले. पंधराच्या पंधरा नमुने मर्यादेच्या आत. शुक्रवारचेसुद्धा. तुझी विसळण्याची पद्धत बरी आहे, एवढं म्हणते.

मी काल साहेबांकडे गेले. ते म्हणाले, चार दिवस राहिले आहेत, पंधरा बाटल्यांवरून एकशे नव्वद फेकून देता येत नाहीत. अहवाल आहे तसा जाऊ दे, हे तळटीपेत टाका. वर हेही म्हणाले, की नणंद-भावजयीचं भांडण सरकारी कागदावर नको. तळटीप नगरपालिकेत कोण वाचतं ते तुलाही माहीत आहे, मलाही.

दुसरा एकच रस्ता आहे. पहिल्याच पानावर दोघींच्या सहीचं निवेदन. मसुदा सोबत आहे. ‘या अहवालातले पाण्याचे सर्व आकडे फक्त पूर्वकल्पना दिलेल्या दिवशीचे आहेत, त्यामुळे ते घाटाविरुद्ध वापरता येणार नाहीत. समाजशास्त्रीय निरीक्षकाने दिलेल्या पावडरमुळे ते वाढले.’ पहिलं वाक्य माझं, दुसरं तुझं. सही केली की माझी दोन वर्षं गेली आणि तुझीही. निरीक्षण करायला गेलेली बाई जर स्वतःच डबे पुरवत होती, तर तुझ्या दोनशे बारा पानांवर पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नाही. तू कॉलेजात कशी टिकतेस ते मला माहीत नाही. मी इथे टिकेन असं वाटत नाही.

आधी तू सही कर. पावडर तुझी होती.

आणि एक विचारायचं आहे. पान १४३ वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाही. मी यायचे त्या मंगळवारी आणि शुक्रवारी, मी पोचायच्या आधी घरात काय व्हायचं? वेळेसकट लिही. तुला वही ठेवायची सवय आहे.


गुरुवार, २७ फेब्रुवारी (काकांना आज मुद्दाम बोलावलं आहे, उद्या उशीर होईल)

वन्सं,

निवेदनावर सही केली आहे. दुसऱ्या वाक्यात मी एक शब्द वाढवला. ‘दिलेल्या’च्या आधी ‘रागाने’. तेही खरं आहे, राहू द्या.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. वही नाही, पण मला सगळं पाठ आहे.

सकाळी सातला आई विचारायच्या, ‘आज मंगळवार ना?’ हो म्हटलं की म्हणायच्या, ‘मला नीट कर.’ मी अंग पुसून द्यायची, कपडे बदलायची. केस विंचरताना त्यांना मान धरवत नव्हती, तुमचा दादा मागून धरायचा. पाठीशी दोन उशा आणि त्यांच्यामागे एक गुंडाळलेली सतरंजी, ती तुम्हाला कधी दिसली नाही. औषधांच्या बाटल्या कपाटात. खोलीला वास येऊ नये म्हणून फरशी मीच पुसायची. नऊला सगळं तयार. मग त्या डोळे मिटून पडायच्या आणि गाडीचा हॉर्न वाजला की डोळे उघडायच्या.

तुम्ही अकराला जायचात. साडेअकराला मी उशा काढायची. त्यानंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांच्या पोटात दोन घास जायचे नाहीत. सगळ्यात वाईट दिवस बुधवार. वन्सं, तुम्ही बुधवारी कधी आलात?

मी त्यांना म्हटलं होतं, तिला सांगू या. म्हणाल्या, ‘ती दिवसभर घाण पाणी मोजत असते. तिने मला मोजायला नको.’ ही झाली त्यांची बाजू.

माझी बाजू वेगळी आहे आणि ती चांगली नाही. मी त्यांचं न ऐकता तुम्हाला सांगू शकले असते. एक फोन करायचा होता. नाही केला. मला वाटत होतं, ही एवढी शिकलेली, पाण्यातलं न दिसणारं हिला दिसतं, मग आईच्या पाठीमागची सतरंजी का दिसत नाही? तिला स्वतःहून दिसू दे. मी वाट बघत बसले आणि त्या गेल्या. मग सभेत मी तेच तुमच्या तोंडावर फेकलं, जणू माझा त्यात हात नव्हता.

वाक्य मागे घेते. तुम्हाला दिसू नये याची सगळी तयारी आम्हीच करत होतो.

तुम्ही सही करा किंवा करू नका. घाटाचं जे व्हायचं ते होईल, माझ्याकडून आता काही राहिलं नाही. आणि घरी यायचं असलं तर या. फक्त कळवून येऊ नका.

तुमची भावजय


बुधवार, १२ मार्च (दाराच्या फटीतून)

वहिनी,

न कळवता आले. दाराला कुलूप. तुझ्याच सल्ल्याचा हा परिणाम, दुसऱ्या कुणाला दोष देऊ?

सही मी त्याच दिवशी केली. ‘रागाने’ हा शब्द पहिल्या वाक्यातही घालायचा होता, जागा नव्हती. साहेबांनी निवेदन वाचलं, चष्मा काढला आणि पुसत बसले. प्रकल्प आता माझ्याकडे नाही. मी सुटीवर आहे असं सगळ्यांना सांगण्यात येतं आहे. ते जाऊ दे. नगरपालिकेने घाट उठवण्याचा ठराव सहा महिने पुढे ढकलला आहे. तोपर्यंत पाणी पुन्हा तपासायचं, कुठल्याही दिवशी. तो दिवस कोण ठरवणार यावर पालिकेच्या समितीत तासभर वाद झाला, सही माझी म्हणून मलाही बोलावलं होतं. मी म्हटलं, चिठ्ठ्या टाका, मावशीला उचलू दे, आणि जलपर्णीची पानं, ६१ ते ७८, जशीच्या तशी जोडा. मावशीची उंची मी आज मोजून घेतली. छातीपर्यंत म्हणजे चार फूट एक इंच.

मी आधी घाटावरच गेले होते. मावशीने मला ओळखलं नाही. मी कोण ते सांगितलं तर म्हणाली, ‘रुमाल कुठे आहे?’ मग तिने तिच्या शेजारचा दगड दाखवला आणि बस म्हणाली. चिकटा आहे दगडांवर. चांगलाच आहे. मी बसले.

कुलूप होतं म्हणून खिडकीतून आत पाहिलं. सिंक भरलेली आहे. टेबलावर कालचे कप. आईच्या खाटेवर न घडी केलेल्या कपड्यांचा ढीग, आणि उशाशी ती सतरंजी, अजून तशीच गुंडाळलेली.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. माझ्यावरचाही नाही. दोन्ही घेऊनच आले आहे.

घाटावर मावशीजवळ बसते. गाडी नाही, बसने आले, तेव्हा घाई नाही. परत आलीस की काही आवरू नको, तशीच खाली ये.